आवाज कसला येतो

अल्पीनाहून निघाले की तीस मैलांवर,
हॅरिसव्हिलच्या अलीकडे,
डावीकडे झाडांतून सरोवर डोकावलं
की गाडीला धाप लागायची.
अठ्ठ्याऐंशी सालची ओल्ड्समोबिल,
रंग शिळ्या चहाचा.
बंद पडायची, दहा मिनिटं रुसायची,
मग काही झालंच नाही अशा तोंडानं सुरू.

पंप बदलला. फिल्टर बदलला.
लॅबच्या रात्रपाळीचे दोनशे ऐंशी डॉलर गेले,
धाप तशीच.

मग शेजारचा कॅझिमिर वोइचिक कुंपणावर ओणवला.
एकेचाळीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात,
तिथल्या चक्क्यांनी त्याचे दोन्ही कान दळून टाकलेले.
ओठ वाचतो, बाकी मोठ्यानं बोलतो:
"बंद पडली की पेट्रोलचं झाकण उघड
आणि सांग मला, आवाज कसला येतो."

कसला येतो?
माझ्याकडे फुस्स होतं, हुश्श होतं,
सूं होतं, फसकन होतं,
घाईत कुकर उघडल्यावर होतं ते होतं.
इंग्रजीत एकच शब्द सापडला
आणि तो सापालाही तोच, मांजरालाही तोच.

"आत की बाहेर?" त्यानं विचारलं.
हे मी ऐकलंच नव्हतं.
उसासा बाहेर पडतो,
हुंदका आत ओढला जातो,
इतकं तरी कळायला हवं होतं मला.

रविवारी तो शेजारी बसून आला.
तीस मैल. धाप. रस्त्याच्या कडेला गवत.
टिश्यूची एक पट्टी फाडून
त्यानं टाकीच्या तोंडाशी धरली,
मी झाकण फिरवलं,
पट्टी सर्रकन आत वळली, कडेला चिकटून राहिली.
"आत!" तो ओरडला,
ताप सापडलेल्या डॉक्टरसारखा खूश.
पेट्रोल खर्च होतं, त्याच्या जागी हवा यायला हवी.
नाही आली तर टाकी स्वतःलाच चोखत बसते.

दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या निघाल्या.
झाकणातली चिमुकली झडप गंजून मिटलेली.
आणि टाकीपासून पुढे
कोळशाच्या डब्याकडे जाणारी नळी,
"फुंक," तो म्हणाला, "माझ्या छातीत सिमेंट आहे."
मी कानशिलं तापेपर्यंत फुंकलं.
ओठांवर पेट्रोल, डोळ्यांत पाणी, पलीकडे काही नाही.
मग हँगरची तार सरळ करून
त्यानं हलक्या हातानं आत सारली
आणि कापसासारखं पांढरं काही ओढून काढलं:
कोळ्याचं घर, अंड्यांसकट.
कोळशाच्या वाटेवर कोळी.
मराठीत हे किती सोपं होतं,
आणि हसायला मी एकटीच.

घर त्यानं कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवलं.
झाकण चौदा डॉलर,
नळी फुटाच्या भावानं, दोन क्लिपा,
आणि त्याच्या मजुरीचे म्हणून
मी केलेले बटाटेवडे, तिखट कमी.

पुढच्या रविवारी हॅरिसव्हिल मागे पडलं.
ऑस्कोडाच्या पंपावर मी झाकण उघडलं.
तो माझ्या तोंडाकडे बघत उभा.
"आवाज कसला येतो?"
"काहीच नाही."
"हं," तो म्हणाला, "मलाही तोच येतो."

ऑक्टोबरात त्यानं मला तळघरात बोलावलं.
बॉयलर पन्नास वर्षांचा, त्याच्याहून हट्टी.
मी पत्र्याला हात लावून उभी राहिले.
इंग्रजी शब्द शोधायचा आळस आला होता.
म्हटलं, "खदखद."
त्यानं मान तिरकी केली,
दिव्याखाली एक पाऊल जवळ आला,
ओठांवर नजर ठेवून म्हणाला,
"पुन्हा सांग."